गळ्यातला नट

आमच्या गॅरेजात एक नियम होता आणि तो आमच्या यांनीच केला होता. ब्रेकचा नवा पाइप बनवताना ज्याच्याकडून नट घालायचा राहील, त्याने तो नट दोऱ्यात ओवायचा आणि संध्याकाळपर्यंत गळ्यात घालून फिरायचं. मग तो कुणी का असेना.

ज्यांना यातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगते, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. ब्रेकचं ऑइल पेडलपासून चाकापर्यंत एका बारीक लोखंडी पाइपातून जातं. त्या पाइपाची दोन्ही टोकं हत्यारात धरून फुलवायची असतात, कर्ण्याच्या तोंडासारखी. फुललेलं तोंड नटाच्या आत अडकतं आणि नट आवळला की ऑइलचा थेंबसुद्धा बाहेर येत नाही. पण नट पाइपात सरकवायचा तो तोंड फुलवायच्या आधी. नंतर तो जातच नाही. एवढीशी गोष्ट, पण भलेभले तिथे माती खातात. सगळं लक्ष त्या गोल गरगरीत तोंडाकडे असतं, आणि नट टेबलावर बसून आपल्याला दात दाखवत असतो. पाइप वाया गेला, करा पुन्हा पहिल्यापासून.

यांच्या हाताखाली जे जे शिकून गेले त्या सगळ्यांच्या गळ्यात तो नट कधी ना कधी पडला. आमची लेक शाळेत असताना सुट्टीत गॅरेजात लुडबुड करायची, तिच्याही पडला. तो घालूनच ती जेवायला बसली होती आणि ताटावर टिपं गाळत होती. मी म्हटलं, "अहो, लेकरू आहे, काढू द्या." तर म्हणाले, "नियम म्हणजे नियम." यांच्या स्वतःच्या गळ्यात मात्र तो कधी पडला नव्हता, आणि ही गोष्ट येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवल्याशिवाय यांना चहा जात नसे.

तीच लेक आता मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये मेकॅनिक आहे. निळा गणवेश, हातात मोजे, आरशासारखी फरशी. हे तिला इन्स्पेक्टर म्हणतात. घरी आली की तिची नजर आधी गॅरेजातल्या यांच्या टेबलावरून फिरते, मग आईबापावरून.

यांचं बिघडायला लागलं ते मला सगळ्यांच्या आधी कळलं, आणि मी ते सगळ्यांपासून लपवलं. हातात पाना असताना पाना शोधायचे. एकाच गिऱ्हाइकाला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारायचे, आणि ते गिऱ्हाईक माझ्याकडे बघायला लागलं की मी म्हणायचे, "त्यांना चेष्टा करायची सवय आहे हो." रोज पांघरूण घालत होते. डॉक्टरीणबाईंनी रोगाचं नाव सांगितलं, पुढे काय काय होत जाईल तेही सांगितलं, आणि यावर गोळी नाही असंही सांगितलं. मी त्या बाईवरच भडकले. घरी आल्यावर यांना म्हणाले, "वय झालं की सगळ्यांचंच होतं असं. तिला काय कळतंय!"

मग पाववाल्याच्या व्हॅनचं झालं. यांनी मागचं चाक बसवलं, नट हाताने फिरवले, आणि आवळायचे राहिले. पाववाला पुढच्या वळणावर पोचला आणि चाक डुगडुगायला लागलं. माणूस सावध होता म्हणून निभावलं. सकाळी माल टाकून परतताना तो शाळेत सोडायला आपल्या दोन्ही पोरींना पुढे शेजारी बसवतो. त्या दिवशीही त्या बसल्या होत्या. त्याने आरडाओरडा केला नाही. व्हॅन ढकलत परत आणली आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "वहिनी, मी कुणाला सांगणार नाही. पण तुम्ही बघा." त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

लेकीला ते कळायचं ते कळलंच. ती आली, बूटही न काढता म्हणाली, "बाबा, आता शटर ओढायचं."

यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझं शटर ओढणारी तू कोण? पाना कसा धरायचा ते कुणी शिकवलं तुला?"

"तुम्हीच शिकवलंत. म्हणून तर सांगतेय."

बापलेक कोंबड्यांसारखे एकमेकांवर धावून जात होते आणि मी मध्ये. हा माणूस घरी बसला तर त्याचं काय होईल ते मला दिसत होतं. घरात यांना कपाट सापडत नाही, दिव्याचं बटण सापडत नाही, कधीकधी मी सापडत नाही. पण गॅरेजात आले, ऑइलचा वास नाकात गेला की पाठ ताठ होते, आवाज चढतो, मला "अगं ए!" अशी हाक मारतात. मला माझा नवरा फक्त तिथेच भेटायचा. ते शटर बंद झालं की तो कायमचा गेला, हे मला पक्कं ठाऊक होतं.

नेमका त्याच आठवड्यात आमच्या स्वतःच्या जुन्या गाडीचा ब्रेकचा पाइप फुटला. गाडी आमच्या लग्नानंतर काही वर्षांनी घेतलेली, म्हणजे तीही आमच्याच वयाला आली म्हणायची. मी बाजारातून येत होते, गल्लीच्या तोंडाशी पेडल दाबलं आणि ते लोण्यात सुरी जावी तसं थेट तळाला गेलं. हँडब्रेक ओढून कशीबशी भिंतीला टेकवली. खाली बघितलं तर मागच्या चाकाकडे जाणारा पाइप गंजून फुटला होता आणि ऑइलचा पट्टा पार कोपऱ्यापर्यंत पडला होता.

हे खूश झाले! गाडीखाली उतरून काम करायला गॅरेजात जो खड्डा आहे त्यावर गाडी ढकलून आणली, वाकून बघितलं आणि लेकीला म्हणाले, "इन्स्पेक्टर, हा पाइप मी एकटा घालतो. तुम्ही कुणी तोंड उघडायचं नाही. जमला तर गॅरेज चालू, आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही. नाही जमला तर किल्ली तुझी."

लेकीने आधी फुटलेला पाइप वाकून बघितला. मग म्हणाली, "ठीक आहे. पण जमला की नाही ते आई ठरवणार. आई खोटं बोलत नाही."

मी नुसती मान हलवली.

सुट्टीच्या दिवशी काम काढलं. शटर अर्धं वर, उन्हाचा पट्टा खड्ड्याच्या काठापर्यंत आलेला. लेक दाराशी गिऱ्हाइकांच्या बाकावर बसली. मी टेबलापाशी उभी राहिले. जुना पाइप यांनी खड्ड्यात उतरून असा अलगद सोडवला की गंजलेला एक नटसुद्धा मोडला नाही. मग तो टेबलावर ठेवून त्याच्यासारखा नवा पाइप वाकवायला घेतला. हत्यार वगैरे काही नाही, दोन अंगठे आणि गुडघा. जुन्याला जिथे वळण, तिथे नव्याला वळण. कुठे चेपलं नाही की दुमडलं नाही. मी लेकीकडे बघितलं. तीही डोळे मोठे करून बघत होती. माझ्या मनात आलं, डॉक्टरीणबाई गेली खड्ड्यात. हे हात बघायला बोलवा तिला.

एक टोक फुलवलं. दुसरं टोक फुलवलं. पाइप उजेडात धरला, डोळा बारीक करून तोंड तपासलं आणि मग यांची नजर टेबलावर गेली. तिथे दुसऱ्या टोकाचा नट होता.

हे एकदम हसायला लागले, अगदी पूर्वीसारखे, पोट धरून. "अगं ए! दोरा आण!"

मी दोरा आणला. यांनी नट ओवला, स्वतःच्या हाताने गळ्यात घातला आणि लेकीपुढे जाऊन उभे राहिले. "बघ गं इन्स्पेक्टर! एकदाचा पडला माझ्याही गळ्यात. झाली का तुझी फिट्टंफाट?"

लेक हसली. किती महिन्यांनी हसली होती. "बाबा, जेवायला पण तो घालूनच बसायचं हं."

"नियम म्हणजे नियम," हे म्हणाले.

मला वाटलं, जिंकलो आम्ही. चूक कुणाकडूनही होते, ओळखली की झालं. स्वतःची चूक ओळखून हसणाऱ्या माणसाचं डोकं गेलं असं कोण म्हणेल?

दुसरा पाइप वाकवला. डब्यातून दोन नवे नट काढले. पहिला नट घातला, तोंड फुलवलं. छान. दुसरं टोक कानशीने घासलं, फुंकर मारली, आणि नट तिथेच टेबलावर ठेवून हत्याराकडे हात नेला. गळ्यात एक नट लोंबत होता आणि डोळ्यांसमोर दुसरा होता, तरी यांना तो दिसत नव्हता. तोंड उघडायचं नाही असं ठरलं होतं.

तेवढ्यात हे थांबले. "माझा चष्मा कुठाय?"

चष्मा कपाळावर होता. पण हे पाइप टेबलावर ठेवून मागच्या फळीकडे वळले आणि डबे उचकायला लागले. मी लेकीकडे पाहिलं. ती फोनमध्ये डोकं घालून बसली होती. मी पुढे झाले, नट उचलला, बरोबर बाजूने पाइपात सरकवला आणि पुन्हा होते तिथे उभी राहिले. इतकी वर्षं बघून बघून तेवढं मलाही येतं.

"कपाळावर आहे चष्मा," मी म्हणाले.

यांनी चष्मा नाकावर ओढला, पाइप उचलला, नट हाताला लागला. चेहरा असा काही उजळला! "बघितलंस? आधी नट. तुम्हाला काय वाटलं, म्हातारा पुन्हा विसरला?"

"छे हो," मी म्हणाले. मला स्वतःची लाज वाटली आणि आनंदही झाला. आनंद जास्त होता, हेही सांगून टाकते.

पाइप खाली बसला. दोन्ही टोकं आवळली, क्लिपा लावल्या. आता राहिलं होतं हवा काढायचं काम. नवा पाइप घातला की त्यात हवा अडकते, आणि हवा असेल तर ब्रेक लागत नाही. लेकीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये हे मशीन करतं. आमच्याकडे ते मी करते. लग्न होऊन आले तेव्हापासून माझं गॅरेजातलं हे एकच काम, आणि ते दुसऱ्या कुणी केलेलं यांना चालत नाही. मी गाडीत बसते, हे खाली. "दाब" म्हटलं की पेडल दाबायचं. "धर" म्हटलं की दाबून धरायचं, मग हे चाकापाशी एक निपल, म्हणजे हवा सोडायचा बारीक स्क्रू, सैल करतात, हवा आणि ऑइल फसकन बाहेर येतं आणि पेडल पायाखाली खोल जातं. तरीही पाय हलवायचा नाही. यांनी निपल पुन्हा आवळलं की म्हणतात "सोड". त्याआधी पाय उचलला तर हवा परत आत जाते आणि सगळी मेहनत फुकट. एकमेकांचं तोंड दिसत नाही, नुसत्या आवाजावर काम चालतं. नवीन नवीन असताना आमचं भांडण झालं की मी मुद्दाम पाय अर्धवट दाबायचे, आणि खालून आवाज यायचा, "राग माझ्यावर काढ, गाडीवर नको!"

बॉनेटखालच्या ब्रेकच्या डबीत ऑइल भरलं, मी गाडीत बसले.

"दाब."

दाबलं. सोडलं, पुन्हा दाबलं, जसं नेहमी करतो तसं. पेडल जरा घट्ट झालं.

"धर."

धरलं. फसकन आवाज झाला, पाय खाली गेला. "सोड." सोडला. पुन्हा दाब, पुन्हा धर. यांचा आवाज खणखणीत होता. लेक बाकावरून उठून खड्ड्याच्या काठावर येऊन उभी राहिली होती, आणि तिच्या चेहऱ्यावर माझ्या मनातलीच आशा होती. आता थोडंच राहिलंय. दाब. धर.

पेडल तळाला गेलं. मी धरून बसले.

सोड आलं नाही.

मी वाट बघितली. खाली पाना कशावर तरी टेकल्याचा आवाज झाला. मग काही नाही. ऑइल ठिबकत होतं, ते मला ऐकू येत होतं. म्हणजे निपल उघडंच होतं. माझा पाय थरथरायला लागला, हल्ली गुडघा साथ देत नाही. हाक मारावी का? हाक मारली तर आठवेल, आवळतील, "सोड" म्हणतील, आणि मी लेकीला सांगेन, जमलं. नट घातला तसंच हेही निभावून नेईन. उद्या पुन्हा एक नट, परवा पुन्हा एक हाक. पण मी काय प्रत्येक गाडीपाशी उभी राहणार होते? मला त्या व्हॅनमध्ये पुढे बसणाऱ्या दोन पोरी आठवल्या. त्यांच्या वेण्यांना त्यांच्या बापाने बांधलेल्या वेड्यावाकड्या रिबिनी असतात. मी हाक मारली नाही. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून पाय दाबून ठेवला आणि मनातल्या मनात म्हणत राहिले, बोला हो. एकदाच बोला.

"वर कोण आहे?" खालून आवाज आला.

"मी आहे," मी म्हणाले.

हे शिडीने वर आले. गाडीच्या दाराशी उभे राहून त्यांनी चिंधीला हात पुसले आणि माझ्याकडे बघितलं. रागावून नाही, अगदी सभ्यपणे.

"बाई, उतरा बरं खाली. काम चालू असताना गिऱ्हाइकाने गाडीत बसायचं नसतं. काही झालं तर मला जड जाईल."

माझा पाय पेडलवरच होता. लेक झरकन शिडीने खाली उतरली, पाना फिरवल्याचा आवाज झाला, आणि तिचा आवाज आला, अगदी बापासारखा, "सोड, आई."

मी पाय उचलला आणि गाडीतून उतरले. पायाला मुंग्या आल्या होत्या. यांनी मला हाताला धरून, आदबीने, गिऱ्हाइकांच्या बाकावर नेऊन बसवलं. इतक्या वर्षांत त्या बाकावर मी कधी बसले नव्हते. फळी एका बाजूने हलते, तेही मला माहीत नव्हतं.

लेक वर आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं पण आवाज सरळ होता. माझ्याजवळ वाकून हळूच म्हणाली, "नट तू घातलास. मी बघितलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"मलाही तेच हवं होतं," ती म्हणाली. मग तिने विचारलं, कारण ठरलं तसं विचारायलाच हवं होतं. "आई, काय करायचं?"

यांना हे ऐकू गेलं की नाही कोण जाणे. ते गाडीच्या बाजूच्या आरशापाशी उभे राहून गळ्यातला दोरा चाचपत होते. माझ्याकडे वळून म्हणाले, "आमच्याकडे एक नियम आहे बघा बाई. जो नट विसरतो त्याने तो गळ्यात घालायचा. आता हा माझ्या गळ्यात कुणी घातला? मी तर कधी विसरलो नाही."

"मी विसरले," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"तुम्ही?" यांनी भुवया उंचावल्या, जरा हसले. "मग घ्या. नियम म्हणजे नियम." दोरा स्वतःच्या डोक्यावरून काढला आणि दोन्ही हातांनी, केसांत अडकणार नाही असा जपून, माझ्या गळ्यात घातला. नट अंगाच्या उबेने गरम झालेला होता. मी यांच्या डोळ्यांत बघितलं, काही सापडतंय का म्हणून. तिथे एक चांगला मेकॅनिक होता, गिऱ्हाइकाशी नीट वागणारा. बाकी कुणी नव्हतं.

मी लेकीला म्हणाले, "ओढ."

ती हलली नाही.

"जमलं नाही. ओढ शटर."

लेक शटरपाशी गेली. शटर खडखडत खाली येताना उन्हाचा पट्टा बारीक होत गेला. यांनी चमकून तिकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, आणि मग माझ्याकडे वळून जरा ओशाळून म्हणाले, "बंद करायची वेळ झाली वाटतं. तुमची गाडी आज होत नाही, बाई. उद्या या. सकाळी मी लवकर उघडतो."

"येते," मी म्हणाले.